चौकातल्या फळ्यावरची बातमी

मी अंथुर्ण्यात शाळामास्तर होतो. सकाळच्या एसटीनं बारामतीहून पेपरांचा गठ्ठा आला की चौकातला फळा ओल्या फडक्यानं पुसून बातम्या लिहायचं काम माझ्याकडं होतं. नव्वदच्या दशकात देशोदेशींची सरकारं कोसळत होती. एकच गर्दी एका पेपरात क्रांती करायची आणि दुसऱ्यात धुडगूस घालायची. फळ्यासमोर दोन्ही पक्षांची माणसं चहा प्यायची, म्हणून मी लिहायचो, ‘लोक रस्त्यावर आले. सरकार पडले.’ विशेषणांना खडू फार लागतो, असं वर सांगायचो.

धाकटा भाऊ चिडवायचा, “दादा, उद्या जग बुडालं तरी तू लिवशील, पाणी वाढले.”

एका उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्यासाठी लोक इंदापूरच्या रस्त्यावर बसले. भाऊही गेला. दगड आले, लाठ्या चालल्या. त्याच्या डोक्यावरची जखम नक्की कशाची, यावर दोन मतं पडली. संध्याकाळी आम्ही त्याला अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात तो ‘समाजकंटक’ होता, दुसऱ्यात ‘हुतात्मा’. कडक इस्त्रीतले एक पुढारी ओसरीवर येऊन बसले होते.

“मास्तर, फळ्यावर हुतात्मा मोठ्या अक्षरात घ्या. खाली आमची श्रद्धांजली.”

भाऊ जिवंत असताना त्यांनी त्याला कधी चहासुद्धा विचारला नव्हता.

सुतकात कामाला हात लावत नाहीत. तरी मी चौकात गेलो. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर भाऊ त्याच्या पक्षाचा झाला असता. मी लिहिलं, ‘रास्ता रोकोत दगडफेक व लाठीमार. एका तरुणाचा मृत्यू.’

मागं आई उभी होती. सुतकातली बाई, भर चौकात. तिला वाचता येत नव्हतं.

“काय लिवलंस?”

मी वाचून दाखवलं.

“एक तरुण? कुणाचा?”

“आई, फळ्यावर तसं लिहीत नाहीत.”

“त्याला काय कुणी नव्हतं व्हय रं?”

मी ‘एका तरुणाचा’ पुसलं आणि तिथं ‘माझ्या धाकट्या भावाचा’ लिहिलं.

“आता वाच,” आई म्हणाली.

मला तोंडातून शब्द काढता येईना. शेवटी चहावाला उठला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं. आईनं त्याला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.