न उघडलेला मेल
गांधीबागेतल्या एका साडीच्या दुकानात मी फॉल लावून मिळायची वाट पाहत बसले होते. गल्ल्यावरच्या बाई संगणकातल्या यादीतून गिऱ्हाइकांची नावं काढून टाकत होत्या. दुकानाच्या जाहिरातीचे मेल हल्ली सगळ्यांच्याच स्पॅममध्ये जात होते. ते कधीच न उघडणाऱ्यांना वगळलं, तर बाकीच्यांना नीट पोचतील, असं त्यांना कोणी सांगितलं होतं.

"इतकी गिऱ्हाइकं सोडता?" मी विचारलं.

"ज्याले नको, त्याले कायले तरास द्याचा?"

एका नावापाशी मात्र त्या थांबल्या. "हे माही बहीण. भांडण झालं तवापासून एकही मेल उघडून नाही राहिली."

तेही नाव त्यांनी काढलं. मग फोन लावला.

"मी बोलून राहिली वं ताई. ठेवू नको. काही विकाचं नाही आहे मले."