साहेबाचा सकाळचा हात

रेडीच्या बंदरावर लोखंडाची माती जहाजात भरायला पट्ट्याचं यंत्र आलं आणि ते जोडायला त्याच्या मागून एक फ्रेंच माणूस आला. माणूस कसला, माडच तो. त्याच्याशी बोलायचं तर आपली हाक आधी वर पोचायची, मग वरून उत्तर निघायचं आणि ते खाली येईपर्यंत आमचा चहा निवून जायचा. नाक असं, की यशवंतगडाच्या बुरजावर बसवलं असतं तर गलबतांनी लांबूनच वाट बदलली असती.

हा साहेब रोज सकाळी कामावर आला की प्रत्येकाशी हात मिळवायचा. आम्हाला ठाऊक असलेला साहेब म्हणजे मुकादमाकडे बघून हनुवटी हलवणारा. हा फिटर, खलाशी, चहावाला, सगळ्यांचा हात एकदाच हलवून पुढे जायचा. राखणदार पोत्यावर झोपलेला असायचा, तर त्याला उठवून हात मिळवायचा आणि पुन्हा झोपू द्यायचा. माती वाहणाऱ्या बायांच्या रांगेपुढे त्यानं पहिल्या दिवशी हात केला, तेव्हा बाया पदर ओढून ज्या पळाल्या त्या शिरोड्याला जाऊन थांबल्या. एक म्हातारी तेवढी मागे राहिली. साहेब काहीतरी मागतोय असं समजून तिनं डोक्यावरची चुंबळ काढून त्याच्या हातात ठेवली. साहेबानं ती अदबीनं घेतली आणि दिवसभर स्वतःच्या डोक्यावर ठेवून हिंडला.

मी त्या यंत्राचं तेलपाणी बघायचो. यंत्र उभं राहिलं की साहेब जाणार आणि पट्टा चालवायला एक माणूस कायम राहणार. कोण, ते साहेबच ठरवणार होता. दोघांचीच नावं होती, एक मी आणि दुसरा वेंगुर्ल्याचा एक घुम्या, जो सणासुदीला एखादा शब्द बोलायचा. मला ते काम मिळायलाच हवं होतं. जामसंड्याच्या एका आंबेवाल्याची मुलगी मला सांगून आली होती, मी तिला एकदा पाहिलं होतं आणि तेव्हापासून माझ्या घशाखाली भात उतरत नव्हता. पण तिच्या बापानं आमच्या पडवीत बसून स्वच्छ सांगितलं होतं,

"सायब गेल्यार तू खंय ऱ्हवतलंस, ता आदी बघतंय. मगे चेडवाचा बोलूया."

मी विचार केला, साहेबाला हात आवडतो ना, मग घे हात. घुम्या सकाळी एकदा द्यायचा. मी सकाळी दिला, चहानंतर दिला, जेवून आल्यावर दिला, पान्हा मागितला तर पान्ह्याबरोबर दिला. साहेब पट्ट्याखाली पालथा पडून नट आवळत असला की मी त्या लाल धुळीतून सुसरीसारखा सरपटत जायचो आणि हात पुढे करायचो. पंधरवड्यात माझा उजवा हात डाव्यापेक्षा वीतभर लांब झाला, असं आई शेजारणींना सांगायची.

साहेबाचा चेहरा मात्र उतरत चालला. आधी नुसता ओशाळा हसायचा. मग दोन बोटं द्यायला लागला. मग मला येताना बघितलं की यंत्राला वळसा घालून पलीकडे जायला लागला. घुम्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला काहीबाही दाखवायचा. माझं काय चुकतंय ते कळेना, म्हणून मी आणखी जोरात हात हलवू लागलो. घरी मी झोपेतसुद्धा हात हलवायला लागलो, तेव्हा आईनं आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड बोलून टाकला.

"वेतोबा फ्रेंचाचा आयकतलो काय गो?" मी विचारलं.

"तुजा आयकता मां? मगे तेचापण आयकात," आई म्हणाली.

अशात मुंबईहून दुसरा फ्रेंच यंत्र तपासायला आला. सकाळी दोघांनी हात मिळवले. दुपारी जेवून आल्यावर पाहुण्यानं पुन्हा हात पुढे केला, तर आमचा साहेब एक पाऊल मागे सरला आणि काहीतरी बोलला. पाहुण्यानं कपाळावर हात मारला, चेहरा लालेलाल, आणि माफी मागत सुटला. साहेबाच्या जीपचा ड्रायव्हर गोव्याचा होता, त्याला साहेबाची मोडकीतोडकी इंग्रजी कळायची. मी त्याला कोपऱ्यात गाठलं.

"सकाळीं भेटलो तो मनीस दनपारां विसरलो, असो अर्थ जाता मरे," तो म्हणाला. "त्यांच्यांत ती बेअदबी. तूं तर सायबाक दिसाक धा फावट विसरतालो."

त्या दिवसापासून मी सकाळी एकदा हात दिला की दिवसभर तो कमरेमागे धरून हिंडायचो. पान्हासुद्धा जमिनीवर ठेवून पायानं सरकवायचो. साहेबाचा चेहरा थोडा निवळला, पण त्याचा जायचा दिवस जवळ आला होता.

तो दिवस आला तेव्हा मुलीचे वडील, जामसंड्याचे पाहुणे, छत्री टेकून पुढेच उभे होते. मी आणि घुम्या पट्ट्याशी. घुम्या हात साबणानं घासून आला होता, माझे कोपरापर्यंत तेलात काळे. साहेब निघाला आणि पुन्हा सगळ्यांना हात देत सुटला. रोज तो आमच्यानंतर थांबायचा, त्यामुळे निघतानाही हात द्यायची त्यांची रीत आम्हाला ठाऊकच नव्हती. माझ्यासमोर हात आला तसा मी घाबरून दोन्ही हात मागे घेतले. सकाळी दिला होता की. साहेबाचा हात तसाच हवेत राहिला.

"दी रे, दी," ड्रायव्हर पुटपुटला. "वचतना चलता."

आता हात पुढे करावे तर ते तेलानं बरबटलेले. मी ते कसेबसे पुढे करून दाखवले. साहेबानं बघितलं, माझं मनगट धरलं, एकदा हलवलं, ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि दुसऱ्या हातानं पट्ट्याच्या इंजिनाचं हँडल माझ्या काखेत खुपसलं. ड्रायव्हरनं लोकांना सांगितलं, सायब म्हणतो की पट्ट्याखाली ह्याच्याइतका कोणी सरपटला नाही, ह्याला प्रत्येक नट ठाऊक असणार. मी नटांकडे कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं, पण हँडल आणखी घट्ट धरलं.

जीप गेली. मी हँडल घेऊन पाहुण्यांकडे वळलो, तर त्यांचा चेहरा आंबट कैरीसारखा.

"सायबान नाडी कित्याक बघितल्यान?" त्यांनी विचारलं. "खंयचा दुखणा आसा तुका?"

"दुखणा नाय. हात मळके आसले की ते मनगट धरतत."

"असा खंय आसता?"

मी ड्रायव्हरकडे वळलो, तर तो जीपबरोबर गेलेला. घुम्याला साक्षीला बोलावलं, तर तो समुद्राकडे बघत राहिला. शेवटी पाहुण्यांनी छत्री काखेत मारली, माझं तेच काळं मनगट पकडलं आणि डोळे मिटून उभे राहिले.

"बरी चलता," ते म्हणाले. "पण इतकी धावता कित्याक?"

"तुमका बघून."

पाहुणे डोळे न उघडताच म्हणाले, "तुळशीच्या लग्नामागसून चलात?"

"चलात," मी म्हटलं. मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं.