पहिल्या नंबरवर कोण?

दुसऱ्याचा मोबाईल हातात घेतला की त्याच्या घरातल्या गोष्टी न विचारता कळतात. मी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झाले आणि हिंगोलीतल्या आमच्या गल्लीतले सगळे म्हातारे मोबाईल घेऊन माझ्याकडे यायला लागले. पेशंट बेशुद्ध, खिशातला मोबाईल लॉक, आणि कळवायचं कुणाला ते माहीत नाही, हे मी नोकरीत फार पाहिलंय. म्हणून रविवारी विहारात वंदना झाली की एकेकाला धरते आणि त्याच्या मोबाईलमध्ये इमर्जन्सी कॉन्टॅक्ट भरून देते. ते भरताना जे ऐकायला मिळतं, ते आता पोतंभर साठलंय!

*

किसनरावांची माहिती भरत होते. रक्तगट झाला, बीपीची गोळी झाली. मग विचारलं, "ॲलर्जी कशाची?"

"कारल्याची लिवा."

"कारलं खाल्लं की काय होतं?"

"व्हत काहीच न्हाई. पण सुनंला सांगून सांगून थकलो. मोबाईलमदी आलं म्हणजे ऐकंल तरी!"

मी लिहिलं नाही. पण लिहिलंय असं घरी सांगून त्यांनी आठवडाभर कारलं टाळलं, हे सूनबाईंनीच मला सांगितलं.

*

अनसूयाबाईंना चार मुलं, चौघंही नोकरीला बाहेरगावी. पहिल्या नंबरवर कुणाला टाकायचं, यावर त्यांनी अर्धा तास बोटं मोजली. शेवटी थोरल्याला टाकलं.

महिन्याभरानं परत हजर! "सिस्टर, धाकला येऊन राहिला उद्या. त्याला वर घ्या."

धाकटा गेल्यावर मधला आला, त्याला वर घेतलं. आता सणवार जवळ आला की मीच फोन करून विचारते, "यंदा कोण येणार?"

*

एकदा सरकारचा टेस्ट अलर्ट आला. आम्ही चौघी अंगणात पापड लाटत होतो. चारही मोबाईल एकदम किंचाळायला लागले! आम्ही तिघी दचकलो. पंचफुलाबाईंनी शांतपणे हात पुसले, मोबाईल कानाला लावला आणि म्हणाल्या, "हॅलो, जरा हळू बोला. सम्दं ऐकू येऊन राहिलं."

*

बाजूचं बटण पाच वेळा दाबलं की सायरन वाजतो आणि भरलेल्या नंबरांवर मदतीचा मेसेज जातो, हे मी सगळ्यांना शिकवलं. पुढच्याच रविवारी विहारात सगळे डोळे मिटून ध्यानाला बसले असताना किसनरावांच्या खिशातून सायरन सुरू झाला. बंद करायला त्यांनी तेच बटण पुन्हा दाबलं. मग पुन्हा!

समोर बायकांच्या रांगेत त्यांच्या बायकोचा मोबाईल वाजला. तिनं चष्मा लावून मेसेज वाचला आणि घाबरून ओरडली, "अवं बाई! आमच्या ह्यांना कायतरी झालं!"

किसनराव तिच्यापासून चार हातांवर बसले होते.

*

आता गयाबाईंचं सांगते. सत्तरी ओलांडलेली बाई, घरात एकटी. मुलगा पुण्याला. तो रोज फोन करून मला म्हणायचा, "सिस्टर, आई पडलीबिडली तर कळणार कुणाला?" त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

मी विचारलं, "पहिल्या नंबरवर मुलगा ना?"

"पोरगं पुण्याहून येईस्तोवर मी काय आडवीच राहू? शेजारच्या सटवाजीचा टाका. दुसरा तुमचा."

सटवाजीमामा म्हणजे भिंतीपलीकडचे. तेही एकटेच. गयाबाईंच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, यावरून दोघांची अकरा वर्षं बोलचाल बंद. काही सुनावायचं असलं तर गयाबाई आपल्या कोंबड्यांना सुनावायच्या, भिंतीपलीकडे जाईल अशा आवाजात.

"अहो, पण तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही!"

"गप्पा मारायला थोडंच बोलवून राहिले? उचलायला बोलवून राहिले!"

मी नंबर टाकला.

दोनच महिन्यांनी भरदुपारी माझा मोबाईल वाजला. गयाबाईंचा मेसेज! चप्पल न घालता धावले. दाराला आतून कडी. ती काढली सटवाजीमामांनी! पंच्याहत्तरीचा माणूस भिंतीवरून उडी मारून आला होता. कमरेला मोबाईल खोचूनच न्हाणीत गेलेल्या आणि तिथं पडलेल्या गयाबाईंना त्यांनी उचलून बाजेवर निजवलं होतं. दोघंही दोन दिशांना बघत होते.

रिक्षात मी मधे बसले.

"सिस्टर, त्यान्ला म्हणावं, पाय हलवू नगा."

"सिस्टर, त्यान्ला इचारा, माझ्या दाराला कुलूप लावलं का?"

"लावलं म्हणावं. कोंबड्या बी झाकल्या."

असं दवाखान्यापर्यंत. पाय मोडला होता, पण वेळेवर आल्यामुळं निभावलं. प्लास्टर घालून त्या घरी आल्या.

पुढच्या रविवारी सटवाजीमामा विहाराच्या पायरीवर माझी वाट बघत होते. मोबाईल पुढं केला. "माझ्यात बी भरा. पैल्या नंबरवर त्यान्ला टाका."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! "म्हणजे बोलचाल सुरू झाली म्हणायची!"

"काहून? पाणी अजून माझ्याच अंगणात पडून राहिलं."

"बरं. पण मामा, त्यांचा पाय प्लास्टरमध्ये. तुम्ही पडलात तर त्या येणार कशा?"

"यायचं काय काम? बाजंवरून वरडल्या तरी अर्धी हिंगोली गोळा व्हईल. अकरा साल ऐकून राहिलो मी!"