गाण्यावरची भाकरी

सणसरला कालव्याच्या पुलावरून उसाचा ट्रॅक्टर खाली उतरायला लागला की आधी गाणं पोचतं, ट्रॅक्टर मागनं येतो. यात नवल काही नाही. टेप नसलेला ट्रॅक्टर आणि मीठ नसलेलं कोरड्यास, दोन्हींना आमच्याकडं कुणी विचारत नाही.

गेणबा हा या रस्त्यावरचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. साठी आली, कमरेनं कधीच राजीनामा दिला, तरी हंगाम सुरू झाला की सीटवर उशी टाकून हा बसतोच. ट्रॅक्टर त्याचा नव्हे. आधी त्यावर इंद्रजितच्या वडिलांचं नाव होतं, आता इंद्रजितचं आहे. मालक बदलला, टेप जाऊन पेनड्राईव्ह आला, ट्रॅक्टरसुद्धा दोनदा बदलला. बदललं नाही ते गाणं.

नव्वदच्या सुमाराला ते गाणं आलं आणि रेडिओवर पहिल्या नंबरला जाऊन बसलं, ते खाली उतरायचं नाव घेईना. लग्नात तेच, रसवंतीवर तेच, इंदापूरच्या स्टँडवर भज्यांच्या गाड्यावर तेच. सुरुवातीला बासरी, मग बांगड्यांची किणकिण, मग नटी रुसून बसते आणि नट तिच्या विनवण्या करतो. एवढाच मामला, पण अख्खा तालुका त्यानं पागल झाला होता. गेणबानं बारामती गाठली आणि कोऱ्या कॅसेटच्या दोन्ही अंगांना तेवढं एकच गाणं भरून घेतलं. दुकानदारानं विचारलं, अहो, जागा आहे, आणखी काही टाकतो की. गेणबा नको म्हणाला. त्याला करमणूक नको होती, त्याला ओळख हवी होती.

कारण ड्रायव्हरांत तेव्हा एक रिवाज होता. ज्याचं गाणं त्याचं. कुणाचं गाणं रडकं होतं, कुणाचं देवाचं होतं, कुणाचं नाचायचं. दुसऱ्याचं गाणं लावणं म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून जाण्यासारखं होतं, कुणी ते करत नसे. त्यामुळं घरात बसल्या बसल्या बायकांना कळायचं, आपला माणूस पुलावर आला. गेणबाचं घर रस्त्याला लागूनच. बासरी ऐकू आली की त्याची बायको कुशाबाई तवा ठेवायची, पीठ मळायला घ्यायची. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर दारात येईपर्यंत भाकरी फुगलेली असायची. गेणबा खाली उतरायचा, उभ्याउभ्याच खायचा आणि निघायचा. रेंगाळून चालायचं नाही, कारखान्याच्या आवारात मागचे पुढं घुसतात आणि मग नंबरासाठी ताटकळत बसावं लागतं. चौकातली पोरं तेव्हा गाण्यावरूनच ओरडायची, गेणबा आला, गेणबा आला. तेवढ्यानंही त्याला बरं वाटायचं.

पण बासुंदी झाली तरी ती रोज किती खायची? इतक्या वर्षांत त्या गाण्याचा त्याला वीट आला होता. कधी कधी तो हँडलवर हात आपटून म्हणायचा, बाई गं, एकदाची हस आणि मोकळं कर आमाला. बंद मात्र कधी केलं नाही. त्या गाण्यावर त्याची भाकरी शिजत होती.

दोन वर्षांखाली आक्रीत झालं. कुठल्याशा पोरीनं मोबाईलवर त्या गाण्यावर नाच केला आणि ते गाणं थडग्यातून उठून बसलं. बघता बघता घराघरात पुन्हा तीच बासरी. तरण्या ड्रायव्हर पोरांनी त्यात मागनं धडाड धडाड घातलं आणि स्पीकरचे मोठाले बॉक्स लावून रस्ताभर वाजवायला सुरुवात केली. इंद्रजित कौतुकानं म्हणाला की काका, तुमचं गाणं परत एक नंबरला आलं बघा. गेणबा हसला नाही. त्याला आनंद व्हायला पाहिजे होता म्हणे. पण आता चौकातून जाताना कुणी मान वर करेना. तोच गेणबा, तेच गाणं, आणि माणूस मात्र कुणालाच दिसेनासा झाला. हे त्याच्या मनाला फार लागलं. ज्या पोरांचा तेव्हा जन्मसुद्धा झालेला नव्हता त्यांनी त्याची वस्तू उचलून नेली होती, आणि तक्रार करावी तर गाणं काही त्यानं लिहिलेलं नव्हतं.

त्यातच घरात वेगळीच कटकट. दुरडीत भाकऱ्यांची चळत लागायला लागली. घरात माणसं दोन, आणि भाकऱ्या लग्नघरासारख्या. गेणबा चिडायचा, पीठ काय फुकट येतं का म्हणायचा. कुशाबाई म्हणायची, म्हशीला होत्यात. म्हस पण आता भाकरी बघून तोंड फिरवायला लागली होती.

मग गेल्या जानेवारीत लोणी भापकरच्या रानात भरलेल्या ट्रॉलीचा आख तुटला. आजचा दिवस गेला म्हणून इंद्रजितनं गेणबाला मोटारसायकलवरून दुपारीच घरी आणून सोडलं. वाटेत गेणबानं मनाशी पक्कं केलं होतं. घरात आल्या आल्या चुलीपुढच्या पाटावर बसकण मारून त्यानं ते सांगूनही टाकलं, की उद्या ते गाणं पेनड्राईव्हमधनं काढून टाकायला लावणार, आणि हा हंगाम झाला की सीटसुद्धा सोडणार. त्यात आता आपलं काय राहिलंय, असं तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. माणूस दमला की राग पण येत नाही.

कुशाबाई मेथी निवडत होती. तिनं मान हलवली.

तेवढ्यात पुलावर बासरी वाजली.

कुशाबाई मेथी बाजूला सारून उठली. चुलीत फुंकर मारली, तवा ठेवला, पीठ मळलं आणि भाकरी थापायला लागली. गेणबा हातभर अंतरावर बसून बघत होता. दारावरून कुणा पोराचा ट्रॅक्टर धडधडत निघून गेला. तिनं भाकरी उलटली, शेकली आणि दुरडीत टाकली, चळतीवर.

"अगं," गेणबा म्हणाला, "मी हितं बसलोय की."

कुशाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग पिठाच्या हाताकडं.

"व्हय की," ती म्हणाली. "हात उठला."

गेणबानं दुरडीकडं बघितलं. दोन वर्षांचं सगळं कोडं तिथं एकावर एक रचून ठेवलेलं होतं.

"म्हंजी रोज? परत्येक ट्रॅक्टरला?"

"मग काय करू? समद्यांचं गाणं एकच झालंय. त्यातला तुमचा कंचा, ते कळंना. वळखू येईस्तवर थांबले तर तुमी उपाशीच फुडं जाल. म्हणून वाजलं की टाकते."

"मग सांगायचं न्हाय का? मी उगा बोलत बसलो."

कुशाबाई पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "काय सांगू? तुमचं गाणं मला वळखू येत न्हाय म्हणून?"

गाव आपल्याला विसरलं म्हणून गेणबा दोन वर्षं कुढत होता, आणि इथं एक बाई येईल त्या ट्रॅक्टरला गेणबा समजून चुलीपुढं बसत होती. पाणी प्यायचं निमित्त करून तो तांब्याकडं वळला.

कुशाबाईनं ताट घेतलं आणि आताची गरम भाकरी त्यात ठेवली. गेणबानं ती उचलून तिच्या पुढ्यात ठेवली आणि दुरडीतली चळत कलती करून अगदी खालची भाकरी ओढून काढली. ती पापडासारखी कडक झाली होती.

"गरम हाय की वरची," ती म्हणाली.

"ती तू खा. ह्या माझ्या हायत्या."

दोघं जेवायला बसली. गेणबा भाकरी कालवणात बुडवून मऊ करत होता, दाढांनी सावकाश चावत होता. पेनड्राईव्हचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. जेवण निम्म्यावर आलं असेल, पुलावर परत तीच बासरी वाजली. कुशाबाईचा हात पिठाच्या डब्याकडं गेला. मग तिनं एकदा समोर बसलेल्या नवऱ्याकडं नीट बघून घेतलं, हात मागं घेतला आणि पुढचा घास मोडला.