लोंबती तार

बाईंना विजेची भीती. साधीसुधी नव्हे, बल्ब बदलायचा म्हटलं तरी शेजाऱ्यांना हाक मारतील आणि स्वतः दाराबाहेर उभ्या राहतील, अशी. आणि नशिबाची थट्टा बघा, अशा बाईच्या पदरात तारांनी भरलेली अख्खी खोली येऊन पडली.

औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे त्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या, तेव्हा पुढ्यात दोऱ्यांचा बोर्ड होता. फोन आला की दिवा लागायचा. बाई दोरी उचलून योग्य त्या भोकात खोचायच्या आणि म्हणायच्या, "थांबा हं, जोडून देते." पुढे दोऱ्या जाऊन बटणं आली, बटणं जाऊन ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला. नाव ऑपरेटरबाई राहिलं, काम उरलं नाही. हे बाईंना कळत होतं आणि मालकांनाही.

एक दिवस मालकांनी बोलावून घेतलं. "ऑपरेटरबाई, कॉम्प्युटर आणि नेटवर्क बघायला घरचं माणूस हवंय. बाहेरच्या तंत्रज्ञाला आज बोलावलं तर उद्या उगवतो. शिकवणीला जा. जमलं तर जागा तुमची. नाही जमलं तर..." पुढचं त्यांनी गिळलं, पण बाईंना ते स्पष्ट ऐकू आलं.

घरी नवरा शिंपी. नजर अधू झाल्यापासून त्याचं मशीन कापडाखाली झाकलेलं. घराचा गाडा बाईंच्याच पगारावर चालायचा, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

"अहो, मला नाही जमायचं. हात लावला आणि चिकटले म्हणजे?"

"चिकटलीस तर फूटपट्टीनं ढकलीन की! दिसत नसलं तरी नेम चांगलाय माझा," नवरा म्हणाला. बाई हसल्या, पण त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

शिकवणीला पहिल्या दिवशी त्या भांडी घासायचे रबरी हातमोजे घेऊन गेल्या. सर तरुण, पण सोशिक. त्यांनी कॉम्प्युटरची पेटी उघडली, ही रॅम, ही हार्ड डिस्क, हा पंखा, असं एकेक हातात दिलं. बाई प्रत्येक वस्तू तापलेल्या तव्यासारखी धरायच्या.

"बाई, नेटवर्कच्या तारेत माणूस मरेल एवढी वीज नसते हो."

"मरेल एवढी नसते, म्हणजे थोडी असतेच ना?"

सरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांना युक्ती सुचली. "असं बघा, हा जो स्विच आहे ना, सगळ्या तारा येतात ती पेटी, तो म्हणजे तुमचा जुना बोर्डच. फक्त ऑपरेटर आत बसलाय."

झालं! बाईंच्या जिवात जीव आला. बोर्ड? बोर्ड तर आपल्या माहेरचाच. आणि घात झाला तो नेमका इथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तारांच्या खोलीत गेल्या. लोखंडी कपाटात स्विच, त्यावर हिरवे दिवे, आणि मागून तारांचा हा भला मोठा गुंता. त्या गुंत्यातून एक तार बाहेर लोंबत होती. बोर्डावर लोंबती दोरी म्हणजे कोणीतरी अर्ध्यावर अडकलंय, पलीकडे हॅलो हॅलो करतंय. बाईंनी आयुष्यात एक दोरी लोंबत ठेवली नव्हती. त्यांनी हातमोजा चढवला, डोळे मिटले आणि तार रिकाम्या भोकात खोचली. खट्. दिवा हिरवा झाला. चिकटल्या नाहीत, मेल्या नाहीत. बाई स्वतःवरच खूश होऊन पाणी प्यायला गेल्या.

पेला खाली ठेवतात न ठेवतात तोच काउंटरवरून ओरडा आला. कॉम्प्युटर थिजले होते. बिल निघेना, कुठलं औषध कुठल्या फळीवर आहे ते दिसेना. हॉस्पिटलचा माणूस इंजेक्शनं न्यायला ताटकळत उभा. व्यवस्थापक तारांच्या खोलीकडे धावले, मागोमाग मालक. बाई दारातच थबकल्या. आतले सगळे दिवे वेड लागल्यासारखे एकदम लुकलुकत होते. बाईंच्या काळजात धस्स झालं.

तंत्रज्ञाला फोन लावला, तो म्हणाला उद्या. सरांचा फोन बंद.

"कोण आलं होतं इथे?" व्यवस्थापक कडाडले. कोपऱ्यात झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशींवर त्यांची नजर गेली. "मावशी, झाडताना काय ओढलंत?"

"नाही हो साहेब, मी कशाला हात लावू..." मावशींचा आवाज रडवेला झाला. "मी तर नुसता केर..."

"मग आपोआप झालं का? उद्यापासून येऊ नका!"

आता गप्प बसलं तर जागा राहील. बाईंना ते लख्ख दिसत होतं. दाराबाहेर उभं राहायची सवय तर जन्माची होती. झाकलेलं मशीन डोळ्यांसमोर आलं. आणि समोर मावशी पदरानं डोळे पुसत होत्या.

"मावशींनी नाही," बाई म्हणाल्या. "ती तार मी खोचली."

आणि त्या सरळ कपाटापाशी गेल्या. हातमोजे बाहेर राहिले होते. उघड्या बोटांनी त्यांनी ती तार धरली आणि जुन्या सवयीनं दोरीचं दुसरं टोक शोधावं तसं हातानं चाचपत मागे गेल्या. गुंत्यातून, कपाटाच्या पाठीमागून, वळसा घेऊन तार परत पुढे आली. दुसरं टोक त्याच पेटीत होतं. पेटीनं स्वतःच स्वतःला फोन लावला होता आणि त्या गोंगाटात दुसऱ्या कोणाचं काही ऐकू येत नव्हतं.

बाईंनी टोक उपटलं. दिवे हळूहळू शांत झाले. काउंटरवरून आवाज आला, "चालू झालं!"

मालक बाईंकडे वळले. बाई मनातल्या मनात घरी पोचल्याही होत्या, नवऱ्याला काय सांगायचं ते जुळवत होत्या.

"मावशी, तुम्ही कामाला लागा," मालक म्हणाले. मग खिशातून खोलीची किल्ली काढून त्यांनी बाईंच्या हातात ठेवली. "त्या तंत्रज्ञाला कळवा, उद्याही नको आणि परवाही नको."

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. काढून टाकलं असतं तर निदान रडता तरी आलं असतं! किल्ली घट्ट धरून त्या आपल्या टेबलाशी येऊन बसल्या, तोच फोन वाजला.

"ऑपरेटरबाई, काउंटरवरून बोलतोय. सगळं सुरू झालं, पण आमचा प्रिंटर काही सापडत नाहीये. कोणाला सांगू?"

"थांबा हं, जोडून..."

जीभ तिथेच अडली. जोडून द्यायचं कोणाला? पलीकडे कोणी नव्हतंच.

"मलाच सांगा," बाई म्हणाल्या. किल्ली घेऊन त्या उठल्या. "आले मी."