हेच सांग

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर ती जाईपर्यंत नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तरी मनातल्या मनात दुसरंच काहीतरी पुटपुटून बाहेर आलोय. मग तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही आमच्या घोटावड्याचे नाही, म्हणून असेल. तुम्ही नाम्याला ओळखत नाही. उद्या सकाळी दूध आणायला निघालात तर तो तुम्हाला वाटेत भेटणार नाही. मला भेटतो.

नाम्या म्हणजे नामदेव, माझा चुलतभाऊ. माझ्याहून काही महिन्यांनीच लहान, पण मला दादा म्हणतो. अजून म्हणतो. एकाच घरात वाढलो, एकाच बाकावर बसलो. शाळेत काही भानगड झाली की मास्तर इतर कुणाला विचारायचे नाहीत, नाम्याला उभं करायचे. हा खोटं बोलणार नाही, हे सगळ्या शाळेला माहीत. त्याच्या खरं बोलण्यापायी मी कितीदा मार खाल्लाय! बाहेर येऊन त्याला शिव्या घालायचो, आणि तो नुसता हसायचा.

आमचं रस्त्याकडेचं वावर कंपनीला गेलं. गाड्यांचे सुटे भाग बनवते ती कंपनी. माझे वडील आणि चुलते — नाम्याचे वडील, त्यांना सगळेच नाना म्हणायचे — दोघांचा सातबारा एकत्र. आणि कंपनीचं ठरलेलं, एका सातबाऱ्यामागे एक नोकरी. कायमची. घरात आयटीआय झालेली पोरं मात्र दोन. शेजारच्या घरात ह्याच्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले होते. नाना म्हणाले, "आपल्यात तसलं नगं. दोघंबी जावा. कंपनी ज्याला घेईल, त्याची नोकरी. मागनं कुणी कुरकुर करायची न्हाई." नानांचा शब्द म्हणजे विषय संपला.

आधी जाऊन आलेली पोरं सांगत होती, मशीनबद्दल फारसं विचारत नाहीत. म्हणतात, स्वतःबद्दल बोला. तुमच्यात चांगलं काय, कमी काय, आणि ते ओळखून पुढं काय करायचं ठरवलंय. आता आम्हाला असलं कुणी कधी विचारलं होतं का? कमी काय ते घरचे न विचारता सांगत, आणि चांगलं काय ते कुणी चुकूनसुद्धा बोलत नसे. नाम्या पार गांगरला. म्हणाला, "दादा, तूच सांग ना माझ्यात काय हाय ते. तुला सगळं ठावं."

सगळं ठावं. हो, होतं ना.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं गोठ्यामागं बसलो तयारीला. चांगलं काय, ह्यात त्याचं मीच सांगितलं, कुठल्या कामाला नाही म्हणत नाहीस. तो लाजला. मग कमी काय? तो म्हणाला, इंग्लिश येत न्हाई. मी म्हणालो, ते सगळेच सांगतात. तो म्हणाला, साहेब लोकांसमोर जीभ जड होते. मी म्हणालो, हे काय सांगण्यासारखं आहे? अजून आत जा. स्वतःशी खरं बोल. — बघा, कसं वाक्य आहे! एखाद्या महाराजांनी म्हणावं असं. स्वतःशी खरं बोल.

तो कडब्याचं ताट हातात घेऊन मोडत राहिला. तो कुठं जाऊन पोचणार हे मला माहीत होतं. मी वाट बघत होतो. लक्षात येतंय का तुमच्या? — मी वाट बघत होतो.

मग खालच्या आवाजात म्हणाला, "लहानपणी मला फेफरं यायचं, त्ये?"

त्याला लहानपणी तापात फिट यायची. आमच्यात त्याला फेफरं म्हणतात, आणि ते म्हणतानाही आवाज खाली येतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पुढं त्या बंदही केल्या, आणि त्यानंतर कधीही आलं नाही. कधीही. पण ही गोष्ट घराच्या भिंतीबाहेर न्यायची नाही, असा आमच्याकडं दंडक असतो. पुढं सोयरीक जमताना आड येतं. नानांनी आम्हा पोरांना देवासमोर उभं करून शपथ घातली होती. ती शपथ मलाही होती.

"हां," मी म्हणालो, "हेच सांग."

तो म्हणाला, "नाना?" मी म्हणालो, "नानांना काय कळतंय त्यातलं? साहेबांना खरा माणूस आवडतो. आणि तू तर खोटं बोलतच नाहीस." त्यानं मान हलवली. पटलं त्याला. मी सांगितलेलं त्याला नेहमीच पटायचं.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात काय एवढं? खरं बोल म्हणालास, तुला तेच बरोबर वाटलं असेल, वय कच्चं होतं. मलाही पुष्कळ वर्षं असंच म्हणून बघता आलं. पण थांबा — मी अर्धंच सांगितलंय.

त्याच आठवड्यात मी बावधनला एका मुलाखतीच्या क्लासला जाऊन आलो होतो. घरी सांगितलं, मित्राकडं चाललोय. नाम्यालाही तेच सांगितलं. तिथल्या सरांनी एकच गोष्ट घोकून घेतली होती आमच्याकडून, खरी कमतरता कधीही सांगायची नाही. चांगल्याच गोष्टीला कमतरतेचे कपडे घालायचे. म्हणायचं, काम अर्धवट टाकून मला घरी जाववत नाही. हे वाक्य माझं पाठ झालेलं होतं. गोठ्यामागं नाम्याशी बोलत होतो तेव्हा पाठ होतं. आणि मी त्याला सांगितलं, अजून आत जा.

म्हणजे कळलं ना? माझं बळ काय, माझी कमतरता काय, ह्यावर मी काही विचार केलाच नाही. मी नाम्याचा विचार केला. त्याचं बळ हे की तो खोटं बोलत नाही. त्याची कमतरता ही की तो माझं ऐकतो. दोन्ही बरोबर हेरलं, आणि त्यावर माझी नोकरी ठरवली. च्यायला, दुसरं कुठलंही गणित मला आयुष्यात एवढं अचूक सुटलं नाही.

मुलाखतीला नाम्या आधी गेला. बाहेर आला तो हसतच. म्हणाला, "सांगितलं बघ दादा. साहेबांनी पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला." मी म्हणालो, छान. मग मी आत गेलो आणि माझं वाक्य म्हटलं. साहेब हसले. निकाल काय लागला ते तुम्हाला कळलंच आहे.

पेढे वाटले घरात. तोवर गेटवरच्या गावातल्याच एका माणसाकडून नानांच्या कानावर गेलं, तुमच्या पोराला फेफरं आहे म्हणं. नाना घरात आले ते चपला न काढताच. सगळ्यांसमोर नाम्याला विचारलं, "कुणी सांगितलं रं तुला ह्ये बोलायला? कुणी शाणा केला तुला?" माझ्या हातात पेढा होता.  नाम्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "कुणी न्हाई. माझं मलाच वाटलं."

आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला तो. नानांनी हात उचलला त्याच्यावर, तेव्हाही मी पेढा धरून बसून होतो.

त्या दिवसापासून तो घरात आजारी झाला. काही झालेलं नसताना! नानांनी मोटरसायकलची किल्ली काढून घेतली, कुठं रस्त्यात आलं तर? विहिरीवर एकट्यानं जायचं नाही. धरणाकडं पोरं पोहायला निघाली की त्याला घरी थांबवायचं. पौडकडची एक सोयरीक जवळपास ठरलेली होती. मुलगी पसंत होती. तिलाही हा पसंत होता, असं माझी आई सांगायची. त्यांच्याकडून निरोप आला, इतक्यात आमचा विचार नाही. मग पुन्हा कुठं जमलंच नाही. नानी, म्हणजे त्याची आई, मरेपर्यंत प्रत्येक पावण्यापुढं पदर पसरत राहिली.

आज तो आम्ही कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या बघतो. टाकी भरतो, तुंबलेलं गटार काढतो, बिहारची पोरं त्याला भैया म्हणतात. आणि मी सुपरवायझर आहे. नवीन पोरं आली की साहेबांशेजारी खुर्ची टाकून बसतो. तुमच्यात कमी काय, हा प्रश्न मीच विचारतो. एखादं पोरगं खरं बोलायला लागलं की मला त्याच्याकडं बघवत नाही. मी पाणी मागवतो.

परवाच्या रविवारी माझी मुलगी प्राजू ओट्यावर बसली होती. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, कॉलेजात कंपन्या येणार. नाम्या तिथंच शेंगा फोडत होता. प्राजू म्हणाली, पप्पा, माझा वीक पॉइंट काय सांगू? मला चारचौघांत बोलताना धाप लागते, तेच सांगते. मी ताडकन म्हणालो, "खुळी का तू? खरी कमतरता कधी सांगायची नसते." माझं लेकरू होतं ना. विचारसुद्धा करावा लागला नाही.

प्राजू माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "पण काका तर सांगतो, मुलाखतीत खरं बोलायचं हे तुम्हीच त्याला शिकवलं. कौतुकानं सांगतो तो."

नाम्याचा हात थांबला. आजवर त्याला ठाऊक नसेल, तर त्या वेळी कळलं. पुन्हा शेंग फोडायला लागला. वर न बघताच म्हणाला, "तवाचा जमाना येगळा हुता, पोरी."

प्राजू माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, "हो. वेगळा होता."

तो टोपली उचलून आत गेला.

जमाना वेगळा नव्हता. मी प्राजूला जे सांगितलं, ते तेव्हाही मला येत होतं. नाम्याला सांगितलं नाही.