दोन्ही अंगांनी चमकणारी

मिरजगावच्या बाजारात तो माणूस सिनेमांच्या जुन्या तबकड्या विकायचा. पण बघायला नव्हे, ज्वारीवरची पाखरं हाकलायला. दोरीत ओवलेल्या तबकड्या गळ्यात घालून तो उन्हात उभा राही आणि सारखी मान हलवी. समोरचा भाजीवाला वैतागून डोळ्यांवर हात धरी.

त्या दिवशी त्याच्या गळ्यात मला एचडी डीव्हीडी दिसली आणि मी थबकलोच. सिनेमाच्या तबकड्यांच्या या जातीची आणि ब्लू-रे या दुसऱ्या जातीची बाजारात झुंज लागली होती, तेव्हा मी मोठ्या ऐटीत एचडी डीव्हीडीचं मशीन घेतलं होतं. ती हरली, नव्या तबकड्या यायच्या बंद झाल्या, आणि घरात माझी जी थट्टा सुरू झाली ती अजून संपलेली नाही.

"ही हरलेली जात आहे," मी म्हणालो.

"कोन म्हनतं?" त्याने ती आणि शेजारची एक ब्लू-रे माझ्या तोंडासमोर फिरवल्या. "ह्या निळ्या डबीतलीला एका अंगाला चित्र हाय. तांबड्या डबीतली दोन्ही अंगांनी चमकती. कंपन्यांनी आपसात ठरवलं, सायेब. पाखरांना कुनी इचारलंच न्हाई!"

घरी येऊन माळ्यावरचं खोकं उघडलं. माझ्या बऱ्याचशा तबकड्या तशाच दुहेरी निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या शेतातल्या ज्वारीत टांगल्या. वाऱ्यावर पहिलीने गिरकी घेतली आणि चिमण्यांचा थवा भुर्रकन उठला.

बांधावरून बायको ओरडली, "अहो, चालली की तुमची तबकडी!"